पितृपक्षातला बिल्बोचा वाढदिवस : नारायण पेठ, राजगड, तोरणा

शुक्रवार, 20 सप्टेंबर 2024 : नारायण पेठ

22 सप्टेंबर हा बिल्बो बॅगिन्सचा वाढदिवस, आणि त्याचा वारस फ्रोडो याचाही. दोघेही हॉबिट, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या, खाण्यापिण्याच्या शौकीन जमातीतले. इंग्रज लेखक टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची सुरुवातच या जोड-वाढदिवसाच्या जेवणावळीनं होते. बिल्बोला 111 वर्षं, फ्रोडोला 33, दोघांची बेरीज 144, आणि खास तंबूतल्या पंगतीला माणसंही बरोब्बर तेवढीच. अमेरिकन टॉल्किन सोसायटीनं 1978 मध्ये या तारखेला 'हॉबिट डे' म्हटलं आणि तेव्हापासून जगभरचे वाचक या दिवशी खाऊन-पिऊन घेतात. 2024 साली ही तारीख रविवारी आली. शनिवारी 21 सप्टेंबर, म्हणजे 1937 साली 'द हॉबिट' प्रसिद्ध झालं तो दिवस. शनिवार-रविवार, दोन्ही आपलेच. असं दर वर्षी जुळत नाही, म्हणून दोन महिने आधीच ठरवून टाकलं होतं.

फक्त पंचांग बघायचं राहिलं होतं. मंगळवारी विसर्जन झालं आणि बुधवारपासून पितृपक्ष लागला.

"पितृपक्षात कसले वाढदिवस करता?" ज्यांच्या वाड्यात जमायचं होतं त्या काकूंनी फोनवरच विचारलं.

"काकू, ज्याचा वाढदिवस आहे तो माणूस खरा नाहीये."

"मग माझी काही हरकत नाही. पण केकबिक माझ्या ओट्यावर कापायचा नाही, आणि अंडं घरात आणायचं नाही."

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. ऐंशीच्या दशकात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून एकेक खंड आणून त्यांनी ही कथा वाचली, आणि मधला खंड कुणीतरी आधीच नेलेला असल्यामुळे फ्रोडोचं पुढे काय झालं हे कळायला त्यांना बरेच आठवडे लागले. त्यांनी काकूंपुढे आणखी एक मुद्दा मांडला. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, दिनदर्शिकेत सगळे महिने तीस दिवसांचे, त्यामुळे त्यांचा बावीस सप्टेंबर आणि आपला बावीस सप्टेंबर एकाच दिवशी येत नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिथीनं नाही, तारखेनं करता."

यावर सर जे गप्प झाले ते जेवायला बसेपर्यंत.

बाकीच्या मंडळींची ओळख पुस्तकातल्या पात्रांवरून पडलेल्या टोपणनावांनीच करून देते, कारण खरी नावं छापायला कुणी परवानगी दिली नाही. सॅम हा चार्टर्ड अकाउंटंट, पण स्वयंपाकात त्याचा हात कुणी धरणार नाही. गिमली सिव्हिल इंजिनिअर, दाढी खरी. पिपीन कॉलेजात शिकतो आणि सतत खातो. फ्रोडो व्हायला कुणीच तयार नसतं, बोट तुटतं म्हणून.

वाडा जुना, पुढच्या वर्षी बिल्डरकडे जाणार. दार हॉबिटांच्या घरासारखं गोल नाही, पण ठेंगणं आहे. पुस्तकातल्या गँडाल्फ या जादूगाराची टोकदार टोपी घालून आलेल्या उंच गृहस्थांनी चौकटीला कपाळ आपटून पुस्तकाशी प्रामाणिक राहून प्रवेश केला. अंगरखे जुन्या पडद्यांचे होते. एकाच्या पाठीवर पडद्याच्या कड्या तशाच लोंबत होत्या. एकशे चव्वेचाळीस माणसं नारायण पेठेत आणून बसवायची कुठे? त्याऐवजी एकशे चव्वेचाळीस बाकरवड्या मोजून आणल्या. शिवाय अळंबी, कारण हॉबिटांना अळंबीचं वेड. सॅमनं ती आलं-लसणावर परतली. काकूंनी लांबून वास घेतला, "मटणासारखं दिसतंय" म्हणाल्या आणि स्वतःसाठी दहीभात कालवून घेतला.

आता संध्याकाळचा खरा कार्यक्रम. हॉबिटांच्यात वाढदिवस ज्याचा असतो तोच इतरांना भेटी देतो. या भेटी पुष्कळदा घरात पडून असलेल्या असतात. वापरात नाही आणि टाकवतही नाही अशी वस्तू या घरातून त्या घरात फिरत राहते. लग्नात आलेला लेमन सेट पाच मुंजी फिरून मूळ मालकाकडे परत आल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. बिल्बो मेजवानीतून गायब होतो तेव्हा घरात अशा भेटी ठेवून जातो, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून. छत्र्या उचलून नेणाऱ्या नातेवाइकाला छत्री. पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्याला पुस्तकांचं कपाट, अर्थात रिकामं. पत्राला कधीच उत्तर न देणाऱ्याला सोन्याचं पेन आणि दौत. अर्धशतकाहून जास्त काळ पत्रातून सल्ले देत आलेल्या नव्व्याण्णव वर्षांच्या बाईंना रद्दीची टोपली. ही चिठ्ठ्यांची पानं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लेखक ऑक्सफर्डात प्राध्यापक होता यावर माझा विश्वास बसेना. हा माणूस पुण्यात शनिपारापाशी राहिलेला असणार.

आम्ही नियम केला होता: विकत काही आणायचं नाही, घरातलंच आणायचं, आणि वर पाटी लावायची. काही पाट्या अशा:

पिपीनला स्टीलचा रिकामा डबा. 'भरून परत मिळावा ही अपेक्षा नाही. निदान परत मिळावा.'

गिमलीला फुटपट्टी. 'आमच्या फ्लॅटच्या भिंतीचा कोन नव्वद अंशाचा नाही हे प्रत्येक भेटीत सांगितल्याबद्दल. मोजून घ्या आणि विषय संपवा.'

गटातल्या एका डॉक्टरबाईंना भिंग. 'आपल्या हस्ताक्षराच्या सहवासात राहणाऱ्या केमिस्टला द्यावे.'

मला एक कोरी वही. 'प्रवासवर्णन लवकरच लिहिणाऱ्या लेखिकेस. लवकर.'

काकूंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या मधेच उठून आत गेल्या, खडू घेऊन आल्या आणि दाराशेजारच्या फळीवर लिहिलं: 'हॉबिटांनी चपला ओळीत काढाव्यात.' हॉबिट पायात काही घालत नाहीत, तळवे राठ आणि पावलांवर केस असतात, हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. सगळ्यांनी चपला ओळीत लावल्या.

शेवटी सरांनी वाढदिवसाचं प्रकरण वाचलं. काही परिच्छेद इंग्रजीतून आणि काही मुग्धा कर्णिकांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादातून. काकू सुपारी कातरत ऐकत होत्या.

असा कार्यक्रम करायचा असेल तर एवढंच सांगेन: चित्रपट लावू नका. तिन्हींच्या लांबवलेल्या आवृत्त्या मिळून अकरा तासांच्या वर जातात, आणि माणसं पहिल्या तासात बोलतात, दुसऱ्यात खातात आणि तिसऱ्यात घोरतात. पाट्या लिहायला सांगा. ज्यांनी पुस्तक उघडलेलंही नाही तेही रंगतात.

शनिवार, 21 सप्टेंबर : राजगड

वाढदिवसाला डोंगर कशाला, असं घरोघरी विचारून झालं होतं. उत्तर सरांकडे तयार होतं. टॉल्किन एकोणीस वर्षांचा असताना, 1911 च्या उन्हाळ्यात, मोठ्या मेळ्याबरोबर पाठीवर सामान घेऊन स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडला. लाउटरब्रुनेनची दरी, वरच्या बर्फाच्या वाटा, घरंगळणारे दगड. बिल्बोचा मिस्टी माउंटन्समधला प्रवास त्या भटकंतीतून आला, असं त्यानं पुढे मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. लोक न्यूझीलंडला मटामाटाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणावर उभारलेलं चित्रपटातलं हॉबिटन बघायला जातात. जावं, पैसे असतील तर मीही जाईन. पण ही कथा बहुतेक वेळ चालण्याची आहे. चालायचं, भिजायचं, पुढचं जेवण कुठे मिळेल याची काळजी करायची. ते सगळं स्वारगेटपासून दीड-दोन तासांवर उपलब्ध आहे.

बेत मोठा होता. गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजानं उतरून डोंगरधारेनं चालत तोरण्याच्या बुधला माचीवर जायचं, आणि वेल्ह्यात उतरायचं. बारा तासांची तंगडतोड. नऊ जणांची तुकडी हवी होती, पुस्तकात असते तशी. सात मिळाले.

जाण्याआधी एक गोष्ट ठरली आणि त्यावर भांडणही झालं. अंगरखे, टोप्या, पिपीनची प्लॅस्टिकची तलवार, सगळं पुण्यात ठेवायचं. पिपीनचं म्हणणं, एक फोटो तर काढू. पण राजगड हा कुणाच्या चित्रपटाचा सेट नाही. इथे पद्मावतीच्या देवळाजवळ सईबाईंची समाधी आहे, महाराजांची ही पंचवीसेक वर्षांची राजधानी आहे, आणि तिथे उभं राहून आपण परक्या राजाची वस्त्रं मिरवायची हे मला तरी पटत नाही. पुस्तक मनात असलं तर पडदा पांघरावा लागत नाही. (पिपीननं शेवटी खिशात पितळी अंगठी आणलीच. ती कुणाकडे गेली ते पुढे येईल.)

पहाटे चारला निघालो. पहिली न्याहारी घरी चहा-खारी, दुसरी नसरापूरच्या अलीकडे पोहे. हॉबिट जमेल तेव्हा सहा वेळा जेवतात. सॅमनं वेळापत्रक छापून आणलं होतं, त्यात सही करायला रकाना.

गुंजवण्यातून चढताना पहिला तास रान आणि घाम. तेरड्याचा गुलाबी रंग दोन्ही बाजूंना, मध्ये सोनकीचे पिवळे तुरे. वर गेल्यावर धुकं इतकं उतरलं की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. चोर दरवाजाच्या खालचा कातळ पावसानं बुळबुळीत झालेला. रेलिंग आहे, पण ओलं लोखंड हाताला गार लागतं आणि मागचा माणूस घाई करत असेल तर मन डगमगतं. चिंचोळ्या दरवाजातून वाकून आत शिरलो तर समोर थेट पद्मावती तलाव, पाण्यावर धूर तरंगतोय असं धुकं. सातपैकी कुणीही थोडा वेळ काही बोललं नाही, पिपीनसुद्धा. मग त्यानं विचारलं, अकराची न्याहारी आत्ता घेता येईल का.

ताक विकणारे एक मामा कांबळं पांघरून बसले होते. ताक, काकडी, वर तिखटमीठ. आमच्याकडे सॅमच्या दशम्या होत्या, पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या आणि केळीच्या पानात गुंडाळलेल्या. पुस्तकात एल्फ लोक प्रवासाला निघालेल्यांना पानात बांधलेली, दिवसेंदिवस टिकणारी भाकरी देतात. ती चवीला कशी असेल यावर परदेशी वाचकांनी बदाम-मध घालून कितीतरी पाककृती रचल्यात. आमच्या मते तो प्रश्न सॅमच्या आजीनं केव्हाच सोडवलाय. मामांना एक दिली. त्यांनी चावून बघितली, म्हणाले, "गूळ जरा जास्त पडलाय." सॅमनं हे वहीत लिहून घेतलं.

सुवेळा माचीच्या नेढ्यात जाऊन बसलो. कातळाला आरपार पडलेलं हे भोक, त्यातून वारा असा घुसतो की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. दरी दिसायला हवी होती. दिसलं फक्त पांढरं. तिथे सॉरॉनच्या, म्हणजे पुस्तकातल्या खलनायकाच्या, सगळीकडे बघणाऱ्या डोळ्याचा विनोद होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो झाला.

पण दिवस जिंकला तो संजीवनी माचीनं, आणि तोही गिमलीसाठी. ही माची अडीचेक किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत जाणारी. तिची तटबंदी दुहेरी आहे. बाहेरचा बुरूज, त्याच्या आत दुसरा, मधल्या फटीतून एक माणूस जेमतेम उतरेल एवढी जागा. तोफगोळ्यानं बाहेरची भिंत ढासळली तरी आतली उभी. याला चिलखती बुरूज म्हणतात. गिमली त्या फटीत उतरला आणि वर येईना. खालून त्याचा आवाज यायचा, "इथलं पाणी बघा कसं काढून दिलंय!" एरवी पुण्यातल्या कुठल्याही बांधकामाबद्दल त्याच्या तोंडून बरा शब्द निघत नाही. मोरियाची, आपल्या पूर्वजांनी डोंगराच्या पोटात खोदलेली दालनं बघून पुस्तकातला ठेंगू गिमली जसा हळवा होतो, तसा आमचा ओल्या शेवाळाला हात लावून उभा होता. एकदा वर आला, चष्मा पुसला, परत उतरला.

अळू दरवाजापाशी पोचेस्तोवर पाऊस आडवा झाला. धारेची वाट दहा पावलांवर संपत होती. मागून दोन गावकरी येत होते, त्यांना विचारलं, तोरण्याला जाऊ का.

"जावा की," त्यातला एक म्हणाला. "पर वाट दिसायची न्हाय. आन एकदा चुकला तर आमालाच यावं लागतं हुडकायला."

पुस्तकात नऊ जणांची तुकडी आधी कॅराध्रासच्या खिंडीतून जायला बघते, बर्फ वाट अडवतं आणि त्यांना माघारी फिरावं लागतं. सरांनी एवढंच म्हटलं, "कॅराध्रास," आणि सगळे निमूट वळले. पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी उतरलो. ही वाट गुंजवण्याच्या वाटेपेक्षा कितीतरी सोपी. घरातले ज्येष्ठ बरोबर असतील तर हीच धरा. आणि डोंगरधारेनं तोरण्याला जायचंच असेल तर पावसाळा पूर्ण सरल्यावर, गावातला माणूस सोबत घेऊन जा. माणशी तीन लिटर पाणी लागतंच. गडावरच्या मुक्कामाच्या भरवशावर बेत आखू नका, पायथ्याच्या गावात घरगुती सोय उत्तम होते.

आमची सोय वेल्ह्याजवळ एका मावशींकडे होती. त्यांच्या पुतण्याच्या पिकअपमध्ये, दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मध्ये बसून पोचलो.

चुलीपाशी ओले मोजे वाळत घातले. पितळीत पिठलं, नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, इंद्रायणीचा मऊ भात. मावशींचे सासरे भिंतीला टेकून बसले होते, नात पाचवीत. तिनं विचारलं, तुम्ही कशाला आलात, शाळेची सहल आहे का? सरांनी सांगितलं, आज एका पुस्तकाचा वाढदिवस आहे. मग गोष्ट सांगणं आलंच.

आधी 'हॉबिट'. सरांनी अंधाऱ्या गुहेतला कोड्यांचा सामना रंगवला: बिल्बो आणि गुहेत राहणारा गोलम नावाचा प्राणी एकमेकांना कोडी घालतात, हरला तर गोलम त्याला खाणार. बिल्बोचं कोडं, लाल टेकडीवर तीस पांढरे घोडे. पोरीनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "दात!" आणि वर आम्हाला घातलं, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." तेही दातच, आणि जीभ. गोलम बिचारा तक्रार करतो की आपल्याला सहाच दात आहेत. आजोबा म्हणाले, "माझं चारच ऱ्हायल्यात. सहा म्हंजे चांगलं चाललंय त्याचं." त्यानंतर पोरीनं कोड्यांचा असा मारा केला की आम्ही सातही जण हरलो. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" एवढं एकच मला आलं. गोलमच्या जागी ती असती तर बिल्बोचं काही खरं नव्हतं.

मग मोठी गोष्ट. पिपीननं ती पितळी अंगठी काढून पोरीच्या हातावर ठेवली.

"मंजी ही अंगठी हुडकायला निगालं?" मावशींनी भाकरी थापता थापता विचारलं.

"नाही मावशी. टाकायला."

थापणं थांबलं. "सोन्याची?"

"सोन्याची. ज्वालामुखीत."

आजोबा पुढे सरकले. "ह्या समोरच्या तोरण्यावर धनाचं हंडं घावलं. म्हाराजांनी त्यातनं राजगड बांधला. आन तुमची मानसं सोनं घिऊन आगीत टाकाय निगाली?"

बखरीतलंच सांगत होते ते. सर म्हणाले, "बाबा, ती अंगठी ज्याच्या हातात जाईल त्याची बुद्धी फिरवायची. चांगल्यात चांगला माणूसही म्हणायचा, माझ्याकडे राहू दे, मी चांगल्यासाठी वापरीन. आणि सगळ्यांत आधी तोच बिघडायचा."

आजोबांनी विचार केला. "तसं सांगा की मग. असा सातबारा असतो येखादा. ज्याच्या नावावर चढंल त्याचं घर फुटतंय." पुण्याच्या लोकांनी फार्महाउससाठी घेतलेल्या जमिनींकडे त्यांनी अंधारातच हात केला. "टाकायलाच पायजे हुती."

या पुस्तकावर मी बरंच वाचलंय. सत्तेचं प्रतीक, यंत्रयुग, महायुद्ध, काय काय. सातबाऱ्याच्या जवळपास त्यातलं काही येत नाही.

मावशींना फ्रोडोत रस नव्हता. बोट तुटलं म्हटल्यावर चुकचुकल्या तेवढ्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "आन त्यो सैपाक करनारा गडी? भांडी घिऊन संगं फिरत हुता त्यो? त्याचं लगीन झालं का?"

"सॅमचं? झालं की. रोझी नावाच्या मुलीशी. तेरा मुलं झाली त्यांना."

"तेरा!" मावशी म्हणाल्या. "बाई गं. तिची गोष्ट कुनी लिवली का मग?"

नाही लिहिली. आमच्या सॅमनं मान खाली घालून आणखी एक भाकरी वाढून घेतली.

रविवार, 22 सप्टेंबर : तोरणा

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं. काल ज्या धारेवरून परतलो ती आज पुरती उघडी, सकाळी सहाला चहाच्या कपाबरोबर समोर. गिमलीनं तिच्याकडे बघून जे म्हटलं ते छापण्याजोगं नाही.

वेल्ह्यातून तोरणा अडीच-तीन तास. पुणे जिल्ह्यातला हा सगळ्यांत उंच किल्ला, 1403 मीटर, आणि चढताना तो आकडा गुडघ्यांना पाठ होतो. सोंडेवर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सातच्या आत निघा. वरच्या कातळात रेलिंग आहे. बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा. गडावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर-फवारे मारून येऊ नका आणि धूर करू नका. आमच्या आधी पोचलेल्या एका टोळक्यानं स्पीकर लावला होता. तो बंद करायला लावला डॉक्टरबाईंनी. कसा ते विचारू नका, पण दोन मिनिटांत झालं.

मेंगाई देवीचं दर्शन घेतलं आणि पलीकडे तटाजवळ बसून वाढदिवस केला. दशम्या, गूळ, मावशींनी बांधून दिलेल्या उकडलेल्या शेंगा, सॅमची बटाट्याची सुकी भाजी. भेटी इथेही दिल्याच, त्याही फुकटातल्या: प्रत्येकानं आपल्या सॅकमधला एक जड जिन्नस शेजाऱ्याला उतरताना उचलायला दिला. माझ्याकडे सरांची दुर्बीण आली. त्यातून झुंजार माचीकडे बघत होते तोच एक मोठा पक्षी खालच्या दरीतून पंख न हलवता गोल गोल वर आला आणि आमच्या डोळ्यांच्या रेषेत येऊन तरंगत राहिला. गरुडच होता असं पिपीन शपथेवर सांगतो. सरांच्या मते घार.

आणि त्या पक्ष्यानं वाद पेटवला. सिंहगड ही सिंहाची गुहा तर तोरणा हे गरुडाचं घरटं, असं जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजानं लिहून ठेवल्याचं ट्रेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीत. टॉल्किनच्या वाचकांचं सगळ्यांत जुनं भांडणही गरुडांवरूनच आहे. अंगठी नष्ट झाल्यावर गरुड येऊन फ्रोडो-सॅमला उचलून नेतात. मग सुरुवातीलाच त्यांच्या पाठीवर बसून थेट मॉर्डोरला, सॉरॉनच्या मुलखातल्या त्या ज्वालामुखीकडे, का गेले नाहीत? पिपीन म्हणाला, तसं केलं असतं तर पुस्तक चाळीस पानांत संपलं असतं. सर म्हणाले, गरुड हे कुणाचे नोकर नाहीत, आणि आभाळात सॉरॉनचे उडते सेवक, नाझगूल, होते. गिमली म्हणाला, हवाई मार्गाला परवानग्या लागतात. डॉक्टरबाईंचं मत, चोरून जायचं तर चालतच जावं लागतं, शत्रूनं पाहिलेलं चालणार नव्हतं. सॅमनं निकाल दिला की उडत गेले असते तर सहा वेळा जेवता आलं नसतं.

उतरताना गुडघ्यांनी हाय खाल्ली. काठी असूद्या बरोबर, तरुणांनीही. वेल्ह्यात पोचल्यावर भजी आणि दोन-दोन चहा. स्वारगेटची एसटी मिळाली. तिच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, रविवारी गर्दी असते. अंगठी मावशींच्या नातीकडेच राहिली. पिपीननं परत मागितली नाही. तिनंही देऊ केली नाही. तिला बजावून आलोय की चेहरा बदलू लागला तर आजोबांना सांग.

एसटीत सॅमनं हिशेबाचा कागद फिरवला, त्यात 'ताक, मामा' या नोंदीसमोर 'गूळ कमी करणे' असा शेरा होता. पुढची तारीखही तिथेच ठरली. 3 जानेवारी हा टॉल्किनचा जन्मदिवस, साल 1892. त्या दिवशी रात्री नऊ वाजता, आपापल्या गावच्या घड्याळाप्रमाणे, जगभरचे वाचक पेला उंचावून 'प्रोफेसर' एवढंच म्हणतात. मग 25 मार्च, सॉरॉन पडला तो दिवस. टॉल्किन सोसायटीनं 2003 पासून तो वाचनाचा दिवस ठरवलाय. तेव्हा बहुतेक मावशींकडेच जाऊ, रोझीबद्दल पुस्तकात जेवढं आहे तेवढं शोधून वाचायला.

जानेवारीसाठी काकूंचा वाडा मिळणार नाही, त्यांची आवराआवर सुरू झालेली असेल. नदीकाठी जमायचं ठरतंय. नऊला अमृततुल्यं बंद होतात, म्हणून चहा सॅम थर्मासमधून आणणार. कप आणायचं पिपीननं कबूल केलंय. आम्ही आपापले घरून नेणार आहोत.